रोजा सोडणारं यंत्र

रमजानातली दुपार कलली होती आणि शेख मुहन्नांच्या मजलिसीत, त्यांच्या बैठकीच्या दालनात, पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी या वेळेला आमच्या गावातली माणसं पंख्याखाली आडवी होऊन मगरिबच्या, सूर्यास्ताच्या अजानची वाट बघत असतात. पण त्या दिवसांत निम्मं गाव इथे येऊन भिंतीला पाठ लावून बसत होतं. समोर मोठा पडदा, पडद्याच्या दोन्ही बाजूंना लोबानाची धुपाटणी, आणि मध्ये हिरवेगार आकडे. उम्म-गाफच्या विहिरीवर दाब एकेचाळीस, विषारी गॅस शून्य. एकेचाळीसचे बेचाळीस झाले की "माशाल्ला!" असा गलका उठायचा, जणू आकडा त्यांच्या पुण्याईने वर चढला.

"जमीन बोलते," उस्ताद जलाल सांगत होता. "जमीन आदमच्या काळापासून बोलतेच आहे. माझी पेटी फक्त ऐकते. तार नको, मनोरा नको, सूर्यावर चालणारी काचेची पट्टी नको. पाईपाला पेटी चिकटवा आणि घरी येऊन झोपा!"

"आणि बॅटरी?" मी विचारलं.

"बॅटरी!" तो हसला, आणि त्याच्यासोबत मजलिसही हसली. "खल्फानभाई, खजुराच्या झाडाला बॅटरी लागते का? तरी पाणी वर चढतंच ना?"

 माझ्या शेजारच्याने मला कोपर मारून सांगितलं, "ऐक जरा. शहाण्या माणसाकडून शिकण्यात लाज नसते."

हा उस्ताद मूळचा कुठला, ते त्याने प्रत्येकाला वेगळं सांगितलं होतं. मला जर्मनी म्हणाला, इमामसाहेबांना मदिना. त्याच्या पांढऱ्या पेट्या विटेएवढ्या होत्या आणि त्यांच्यावर एक हिरवा दिवा लुकलुकायचा. पेटी उघडायची नाही ही त्याची पहिली अट. उघडली की जमिनीचं बोलणं बंद होतं म्हणे, आणि हमीही जाते.

शेख मुहन्नांची कंपनी पश्चिमेच्या वाळूत गॅसच्या जुन्या विहिरी सांभाळते. तीन ठाणी आहेत, गावापासून दूर, जिथे मोबाईलचं नाव नाही. प्रत्येक ठाण्यावर दोन पहारेकरी राहतात, दाब बघतात आणि वायरलेसवरून कचेरीला कळवतात. शेखांना हे सगळं गावात बसून दिसायला हवं होतं. योग्य उपकरणं निवडायचं काम कागदावर माझं होतं, कारण मोजमापाचं खातं माझ्याकडे आहे. कागदावरच, असं मी मुद्दाम म्हणतो.

उस्तादाच्या आधी मुर्शिद नावाचा एक इंजिनियर येऊन गेला होता. त्याने बोलण्यापेक्षा विचारलंच जास्त. ऑगस्टात डब्याच्या आत किती तापतं? काचेवरची धूळ कोण पुसणार? दोन ठाण्यांच्या मध्ये टेकडी आहे का? त्याच्या योजनेत लोखंडी मनोरे होते, सौरपट्ट्या होत्या, बॅटऱ्या होत्या, दर तीन महिन्यांनी कुणीतरी जाऊन तपासणी करायची होती. मजलिसीतल्या लोकांनी जांभया दिल्या. शेख त्याला दारापर्यंत सोडायलाही गेले नाहीत, आणि आमच्याकडे ही साधी गोष्ट नव्हे.

मग उस्ताद आला. त्याने तिन्ही ठाण्यांवर पेट्या बसवल्या. शेखांनी प्रत्येक पेटीवर स्वतःच्या हाताने शिशाची मोहोर मारली. नंतर मजलिसीतून शेखांनीच उम्म-गाफला वायरलेस लावून विचारलं, "दाब किती?" तिकडून उत्तर आलं, "एकेचाळीस." पडद्यावर एकेचाळीस! त्या दिवसापासून उस्तादाला बसायला शेखांच्या उजव्या हाताची गादी मिळाली.

मला मात्र हा सौदा नको होता, आणि त्याचं कारण पैसा नव्हता. उम्म-गाफच्या दोन पहारेकऱ्यांतला एक हिलाल, माझ्या लेकीचा, शम्साचा नवरा. पेट्या विकत घेतल्या की ईदनंतर पहारे उठणार होते आणि हिलाल दुरुस्तीच्या पथकात जाणार होता. त्या विहिरींवर झडपा असतात खोल खड्ड्यात, आणि त्या खड्ड्यात कधीकधी सडक्या अंड्यासारख्या वासाचा गॅस साठतो. आधी वास येतो. मग वास येईनासा होतो, कारण नाकच मरतं. मग माणूस मरतो. आजवर हातातलं मोजयंत्र खाली सोडून, बघूनच आमची माणसं उतरत होती. आता पडद्यावर "गॅस शून्य" दिसलं की वायरलेसवर हुकूम सुटणार होता: उतर.

शम्साने एकदा जेवण वाढता वाढता विचारलं, "बाबा, ते यंत्र खरं आहे ना?"

"बघतो आहे," मी म्हणालो.

"बघतो आहे म्हणजे काय? तुम्हाला कळत नाही, तर कुणाला कळणार?"

तिच्या मांडीवर पोर होतं. मला तिच्याकडे बघवेना.

खरी कमाल रोज संध्याकाळी व्हायची. मशिदीतून अजान सुरू झाली की पडद्यावरचे तिन्ही ठाण्यांचे आकडे जागच्या जागी थांबायचे. आम्ही खजूर तोंडात टाकायचो, ताक प्यायचो, नमाज पढायचो, समोसे आणि गहू-मांस शिजवून केलेलं हरीस खायचो. तोवर आकडे गोठलेले. आणि सगळं आटोपून कहवा फिरायला लागला की आकडे पुन्हा हलायला लागायचे.

पहिल्याच दिवशी कुणीतरी ओरडलं, "अरे, यंत्र रोजा सोडतंय!"

मजलिस थरारली. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. उस्तादाने आधी स्वतःच दचकून पडद्याकडे बघितलं, ते मी पाहिलं. पण गडी तयारीचा. दुसऱ्याच क्षणी त्याने हात वर केले. "मी हे सांगणार नव्हतो," तो खाली मान घालून म्हणाला. "लोक म्हणतील, उस्ताद बढाई मारतो. पण आता तुम्हीच पाहिलंत. माझी पेटी अजानचा मान ठेवते."

इमामसाहेबांनी तेवढं नाक मुरडलं. "रोजा माणसाला सांगितलाय," ते म्हणाले. "लोखंडाला नाही." पण त्यांचं ऐकायला कुणी मोकळं नव्हतं.

मला संशय होता, पण नुसता संशय काय कामाचा? पुरावा हाती लागत नव्हता. मी पेटी उघडू म्हटलं की शेख म्हणायचे, "खल्फान, तुझी नोकरी जाईल म्हणून तू घाबरतोस का?" आणि लोक हसायचे.

मला वाट दाखवली ती डॉक्टर रायाने. ही आमच्या कंपनीच्या दवाखान्याची डॉक्टर. तिन्ही ठाण्यांवर दर आठवड्याला जीप घेऊन जाते आणि पहारेकऱ्यांना तपासते. मागच्या वर्षी गॅसने बेशुद्ध पडलेल्या एका माणसाला तिने जीपमध्येच शुद्धीवर आणलं होतं. एका संध्याकाळी ती मजलिसीच्या दाराशी उभी राहून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग मला बाहेर बोलावलं.

"अबू शम्सा," शम्साचा बाप म्हणून आमच्या रीतीप्रमाणे तिने मला हाक मारली, "हा गॅसचा आकडा कधी हलतो का?"

"नाही. कायम शून्य."

"धडधाकट माणसाच्या अंगाचं तापमानसुद्धा सकाळी एक असतं, संध्याकाळी एक. आणि त्या खड्ड्यांतला गॅस इतका शिस्तीचा?" ती म्हणाली. "बरं, ते राहू दे. हे यंत्र रोजा कधी सोडतं?"

"अजान झाली की. रोज पाहतो आम्ही."

"कुठली अजान?"

"म्हणजे? आपल्या मशिदीतली."

"पेटी आहे उम्म-गाफला," ती सावकाश म्हणाली. "मी गेल्या आठवड्यात तिथेच रोजा सोडला. ते ठाणं किती पश्चिमेला आहे! इथे अजान होते तेव्हा तिथे सूर्य अजून टेकडीवर टेकलेला असतो. हिलाल खजूर हातात धरून बसलेला असतो, पण खात नाही. आणि ही धार्मिक पेटी त्याच्याआधीच रोजा सोडून मोकळी? सूर्य डोळ्यांसमोर असताना? मग तिचा रोजा तर रोजच मोडतोय!"

मी हसलो आणि हसता हसता थांबलो. डोक्यात लख्ख उजेड पडला. पेटी जर तिथून बोलत असती, तर तिथल्या सूर्याप्रमाणे थांबली असती. खरं तर ती थांबायलाच नको होती. थांबणारा कुणीतरी आपल्या मशिदीची अजान ऐकत होता. म्हणजे तो इथेच होता, आमच्या गावात. आणि त्यालाही भूक लागत होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरच्या जीपमधून मीही उम्म-गाफला गेलो. हिलालने मला बघून आधी पोराची चौकशी केली, मग बायकोची. मी सरळच विचारलं, "हिलाल, तू दाब कुणाकुणाला सांगतोस?"

"कचेरीला, नेहमीसारखा. आणि मग त्या दुसऱ्या माणसाला."

"कुठल्या दुसऱ्या?"

"उस्तादाचा माणूस. दुसऱ्या वाहिनीवर येतो. दर थोड्या वेळाने विचारतो, मी सांगतो. तिन्ही ठाण्यांवर विचारतो तो." तो माझ्याकडे बघत राहिला. "काका, तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही बाबा. तुला हे विचित्र नाही वाटलं?"

"उस्ताद म्हणाला, यंत्र नवीन आहे, माणसाच्या आवाजावरून शिकतं. आणि कचेरीत बोलू नका म्हणाला, नजर लागते." त्याने ओशाळून टोपी सारखी केली. "आम्हाला वाटलं, शेखांनीच सांगितलं असेल."

ही चूक आमच्याच माणसांकडून व्हावी अशी होती. आमच्याकडे नजरेचा विषय निघाला की पुढचा प्रश्न विचारायचा नसतो. पोराला कुणी गोंडस म्हटलं तरी आई तोंड फिरवते. उस्तादाने गावात पाय ठेवल्यावर सर्वांत आधी हेच हेरलं असणार.

"आणि गॅस?" डॉक्टरने विचारलं.

"गॅसही विचारतो. कचेरी फक्त दाब विचारते. मी मोजयंत्र खड्ड्यात सोडून सांगतो. गेल्या आठवड्यात बराच होता. तो म्हणाला, ठीक आहे, काळजी करू नकोस."

पडद्यावर गेला आठवडाभर शून्य होतं. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं.  मग आम्ही तिघांनी मिळून एक बेत ठरवला.

करारावर सही व्हायची होती त्या दिवशी मजलिस ओसंडून वाहत होती. शेजारच्या गावांतली माणसंही आली होती. उस्तादाने पगडी नवी बांधली होती.

"आज वाळवंटाला डोळे फुटणार!" तो म्हणाला. "शेखसाहेब, तुमचे आजोबा उंटावर बसून विहिरी बघायला जात. तुम्ही गादीवर बसून बघणार!"

"शेखसाहेब," मी उठलो, "सही करण्याआधी उम्म-गाफची पेटी काय म्हणते, एवढं उस्तादांना विचारावं. शेवटचं."

"शंभरदा विचारा!" उस्तादाने पडद्याकडे हात केला. "बघा. दाब त्रेचाळीस. गॅस शून्य. सगळं ठीक. पेटी जागी आहे, पाईपाला चिकटून जमिनीचं ऐकते आहे."

"पाईपाला चिकटून?"

"आईच्या छातीशी पोर असतं तशी."

तेवढ्यात दार उघडलं. हिलाल आत आला, पायांपासून पापण्यांपर्यंत धुळीने भरलेला. त्याच्या काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने सगळ्यांना सलाम केला, टॉवेल सोडला आणि पांढरी पेटी शेखांच्या पुढ्यात ठेवली. हिरवा दिवा लुकलुकत होता.

"ही कुठे ठेवू?" त्याने विचारलं. "उम्म-गाफहून आणली. दुपारीच काढली पाईपावरून."

पडद्यावर त्रेचाळीसचे चव्वेचाळीस झाले. या वेळी माशाल्ला कुणी म्हटलं नाही.

"ही दुसरी पेटी आहे!" उस्ताद ओरडला.

शेखांनी पेटी उचलून वळवली. त्यांची मोहोर तशीच्या तशी होती. त्यांनी ती उस्तादाच्या डोळ्यांपुढे धरली.

"शेखसाहेब, ऐका," उस्तादाचा आवाज चिरकला. "पाईपाला सवय लागते! पेटी काढली तरी काही दिवस पाईप आठवणीवर बोलतो..."

"पाईपाची आठवण माझ्या सासूपेक्षा चांगली दिसतेय," मागून कुणीतरी म्हणालं आणि त्या दिवसातलं पहिलं खरं हसू फुटलं.

शेखांनी मोहोर तोडली. डॉक्टर रायाने दवाखान्यातून स्क्रू-ड्रायव्हर आणलाच होता. झाकण निघालं. आत बोटाएवढी बॅटरी आणि मुलांच्या खेळण्यात असतो तसा दिवा. बाकी सगळं पांढरं प्लॅस्टर, हाडाच्या डॉक्टराकडे असतं ते. पेटी जड लागावी म्हणून.

"जमीन प्लॅस्टरमधून बोलते होय?" डॉक्टरने विचारलं.

उस्ताद बाहेरच्या बाजूला सरकायला लागला. इमामसाहेब दारातच बसले होते, त्यांनी पाय लांब केले. म्हाताऱ्या माणसाचे पाय ओलांडायचं धाडस आमच्या गावात कुणी करत नाही, उस्तादानेही केलं नाही.

"पण मग हे आकडे?" शेखांनी विचारलं. "हे कोण हलवतंय?"

"अजान होऊ द्या," मी म्हणालो. "आपण त्याच्याकडेच जाऊ."

मशिदीच्या मागच्या गल्लीत उस्तादाने आपल्या माणसासाठी एक खोली भाड्याने घेतली होती, ती मी आधीच शोधून ठेवली होती. अजान सुरू झाली तेव्हा आम्ही दार ढकललं. आत एक माणूस बसला होता, एका हाताशी वायरलेस, समोर संगणक, आणि तोंडात अर्धा खजूर. वायरलेसमधून हिलालच्या जोडीदाराचा आवाज येत होता, "उम्म-गाफ. दाब चव्वेचाळीस. ऐकू येतंय का? गॅस अजून चढतोय. ऐकू येतंय का?"

तो माणूस खजूर गिळेना आणि थुंकेना. चार धट्टीकट्टी पोरं पुढे झाली. शेखांनी हात आडवा केला.

"रोजा सोडू द्या त्याला," ते म्हणाले. "पाणी द्या. मग बोलू."

पाणी पिऊन त्याने सगळं कबूल केलं. तिन्ही ठाण्यांना आकडे विचारायचे आणि संगणकात टाकायचे, की ते मजलिसीतल्या पडद्यावर उमटतात. जेवायला बसला की आकडे थांबायचे. पहिल्या दिवशी उस्ताद त्याच्यावर खूप चिडला होता. मग लोकांना ते आवडलंय असं कळल्यावर म्हणाला, रोज थांबत जा.

"आणि गॅस?" हिलालने विचारलं. "मी तुला आज दुपारी सांगितलं. पेटी काढताना माझं मोजयंत्र किंचाळत होतं. खड्ड्यात उतरलो असतो तर वर आलो नसतो. तू काय टाकलंस?"

"शून्य." त्याने मान वर केली नाही. "उस्ताद म्हणाला, मोठ्या माणसांना हिरवं बघायला आवडतं. गॅस दाखवला की प्रश्न विचारतात."

मला संताप आवरेना. मी त्याच्यावर हात टाकला असता, पण हिलालने माझं मनगट धरलं. त्याच्या हाताला वाळू लागलेली होती आणि तो हात ऊबदार होता, जिवंत होता. मी तिथेच गल्लीत रडलो. माणसं बघत होती, तरी रडलो.

उस्ताद आणि त्याचा माणूस पोलिसांच्या स्वाधीन झाले. मुर्शिदला शेखांनी स्वतः फोन करून बोलावलं आणि या वेळी दारापर्यंतच काय, गाडीपर्यंत सोडायला गेले. ईदनंतर मनोरे उभे राहिले. पण पहारे शेखांनी इतक्यात उठवले नाहीत. महिनाभर माणसाचा आकडा आणि यंत्राचा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहिले, मगच विश्वास टाकला.

गोष्ट इथे संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण मागच्या उन्हाळ्यात वाळूचं वादळ आलं आणि उम्म-गाफचा पडदा एकदम लाल झाला. आकडे गेले. त्यांच्या जागी अक्षरं आली: संपर्क तुटला आहे, माहिती नाही.

मजलिसीत कुजबूज सुरू झाली. "एवढे पैसे घातले आणि हे?" "काहीही म्हणा, उस्तादाची पेटी कधी बंद पडली नव्हती."

मी ते ऐकलं आणि माझा पारा चढला. "नव्हतीच पडली!" मी ओरडलो. "ती कधी काही बघतच नव्हती, तर बंद कशी पडेल?"

त्या दिवशी दुरुस्तीचं पथक, त्यात आता हिलालही होता, उम्म-गाफच्या खड्ड्याच्या काठावर उभं होतं. झडप गळत होती, घाई होती. हिलालने वायरलेसवरून विचारलं, "पडदा काय म्हणतो?" मी सांगितलं, "पडदा म्हणतो, माहीत नाही." तो म्हणाला, "मग आम्ही मोजून बघतो." त्यांनी मोजयंत्र दोरीने खाली सोडलं. ते किंचाळलं. कुणी उतरलं नाही. संध्याकाळी सगळे घरी आले, धुळीने माखलेले, भुकेलेले आणि चिडचिडे.

चमत्कारवाला उपकरण विकायला येवो, औषध विकायला येवो की गुप्तधन दाखवायला. त्याचं बोलणं गोड असेल, त्याच्या दिव्याचा रंग हिरवा असेल. त्याला एवढंच विचारा: तुला जेव्हा कळत नाही, तेव्हा तू काय सांगतोस? खऱ्या यंत्राला आणि खऱ्या माणसाला याचं उत्तर देता येतं. ज्याला येत नाही, त्याच्या शब्दावर आपलं माणूस खड्ड्यात उतरवू नका.